दुरुस्तीला दिलेलं मशीन

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी नवसाबाईनं डोळे उघडले, थोडा वेळ नवऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवले आणि विचारलं, "मशीन आलं का?"

सावळीराम गांगुर्डे खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मोसंबं सोलत होता. चार दिवस ती एक अक्षर बोलली नव्हती. सकाळी मोरीत भांडी घासता घासता कोसळली, तेव्हापासून उजवं अंग गेलं होतं. ओठाचा कोपरा खाली ओढला गेला होता आणि तिथून सारखी लाळ गळायची. सिन्नरहून आलेली मुलगी, लता, ती पदरानं टिपत राहायची. बोलणं परत येईल, आलं तर सावकाश येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पहिला शब्द पाणी असेल, नाहीतर लताचं नाव असेल, असं सावळीरामनं धरून ठेवलं होतं. "कसलं मशीन?" त्यानं विचारलं, आणि विचारता विचारताच कसलं ते त्याला कळलं. अंगठा मोसंब्याच्या सालीत तसाच रुतून राहिला. "दुरुस्तीला दिलेलं," ती म्हणाली. शब्द ओले होते, एकमेकांवरून घसरत होते, पण समजत होते. लता म्हणाली, "आईला भ्रम झालाय, दादा. आपल्याकडं कुठंय मशीन?" नर्सही म्हणाली की अशा पेशंटचं असं होतं, जुनं त्यांना कालचं वाटतं. सावळीराम उठून व्हरांड्यात गेला. भ्रम, असं त्यानं मनाशी दोनदा म्हटलं. शब्द बरा होता, त्याच्या आडोशाला उभं राहता येत होतं. पण बोटांना मोसंब्याचा कडसर वास येत होता.

शिवणाचं ते मशीन त्यानं दुरुस्तीला दिलं नव्हतं. विकलं होतं. चौऱ्याहत्तर साली, म्हणजे त्याला आता नऊ वर्षं झाली होती. ते नवसाच्या वडिलांनी दिलेलं. ते रेल्वेत गँगमन होते आणि नांदगावहून पॅसेंजरच्या ब्रेकच्या डब्यात घालून, स्वतः त्याच्याशेजारी उभे राहून त्यांनी ते नाशिकरोडला उतरवलं होतं. सावळीराम तेव्हा कचेरीत शिपाई होता आणि खात्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. नवसा वसाहतीतल्या बायकांचे झंपर, परकर, पोरींचे फ्रॉक शिवायची. तो तिच्या डाव्या बाजूला, खाली पोत्यावर पुस्तक घेऊन बसायचा आणि मोठ्यानं वाचायचा. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून नियम न् पोटनियम. ती दोरा ओवायला थांबली की तोही थांबायचा. कधी कधी ती मान न वळवता विचारायची, "मगाशी रजेचं काय म्हणालात? अर्धपगारी कधी मिळती?" आणि तो सांगायचा, सांगता सांगता ते त्याच्या डोक्यात पक्कं बसायचं. परीक्षा तो पहिल्या खेपेला पास झाला. कारकून झाला, टेबल मिळालं, टेबलावर काच मिळाली. घरी दुपारभर बायका असायच्या. माप द्यायला यायच्या आणि बसून राहायच्या, आणि रविवारी तो आतल्या खोलीत पडलेला असला की बाहेरचं हसणं पडद्यातून त्याच्यापर्यंत यायचं. ते त्याला आवडायचं नाही असं नव्हतं. एवढं तरी स्वतःबद्दल खरं बोलायला हवं, असं व्हरांड्यात उभ्या सावळीरामला वाटलं. मशीनवर त्याचा राग कधीच नव्हता.

राग कशावर होता ते त्याला माहीत होतं, आणि नऊ वर्षं तो त्या जागेवरून पाय उचलून पलीकडं जात आला होता. कचेरीतले हेडक्लार्क एकदा सहज म्हणाले, "गांगुर्डे, तुमच्या मंडळींचा हात शिवणात चांगलाय म्हणे. आमच्या हिला एक ब्लाउज शिवून हवाय." त्या दिवशी सावळीरामला आपण उंच झाल्यासारखं वाटलं होतं. रविवारी बाई रिक्षानं आल्या. नवसानं दार उघडलं, या म्हणाली, गळ्यात टेप अडकवून पुढं झाली. बाई एक पायरी मागं सरकल्या. "माप नको," त्या म्हणाल्या. "हा जुना ब्लाउज आहे, यावरून घे." आणि नवसानं हात पुढं केलेला असताना त्यांनी जांभळं कापड आणि तो ब्लाउज ओट्यावर ठेवला, ठेवला म्हणजे वरून सोडला. कापड फरशीवर पसरलं. सावळीराम आतल्या खोलीत पडद्यामागं उभा होता. उठून बाहेर यायलाच निघाला होता, सदऱ्याची बटणं लावत, साहेबांच्या बाईंना नमस्कार करायला. पडद्याच्या फटीतून त्याला नवसाची पाठ दिसली. ती वाकली, कापड उचललं, झटकलं. बाई रिक्षात बसल्या. सावळीराम वरचं बटण हातात धरून तसाच उभा राहिला, मग चार पावलं मागं गेला आणि खाटेवर आडवा होऊन डोळे मिटून पडला. नवसा आत येऊन त्याच्याकडं बघून गेली. लहानपणी गावाच्या विहिरीवर वरून ओतलेलं पाणी त्यानं ओंजळीनं प्यालं होतं, त्याचं त्याला कधी एवढं लागलं नव्हतं. तेव्हा तो लहान होता, आणि सगळेच तसे पीत होते. आता त्याच्या टेबलावर काच होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं हेडक्लार्कना फाइल नेऊन दिली, नेहमीसारखी. त्यानंतर ते एरवीपेक्षा कमी बोलायला लागले, ब्लाउजाचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, आणि काम झालं की माणसं असंच करतात हे सावळीरामनं ओळखलं. दोन आठवड्यांनी नवसा भाचीच्या लग्नाला लताला घेऊन नांदगावला गेली. त्यानं हातगाडीवाला बोलावला आणि मशीन गावातल्या एका व्यापाऱ्याकडं घातलं, ज्यानं नावसुद्धा विचारलं नाही. ती परत आली, तेव्हा भिंतीशी मशीनच्या चार पायांचे चार डाग होते. "दुरुस्तीला दिलंय," तो म्हणाला. "भद्रकालीत, स्टँडसमोरच्या दुकानात. चाक अडकत होतं." "चाक तर नीट होतं," ती म्हणाली. मग ती चार-आठ दिवसांनी विचारायची, झालं का. तो म्हणायचा, पार्ट मिळत नाही, मुंबईहून यायचाय. पावसाळा संपेपर्यंत ती विचारत राहिली. एके दिवशी विचारायची थांबली. बायका यायच्या थांबल्या. ती हातानं गोधड्या शिवायला लागली, दारात उजेडाला बसून, एकटी. सावळीरामनं ते थांबणं विसरण्यात जमा केलं. संसारात माणूस किती गोष्टी विसरतो. आणि आता चार दिवसांच्या मुकेपणानंतर तिच्या तोंडून पहिलं तेच बाहेर आलं, न पुसता, न धुता, जसंच्या तसं.

पंधरा दिवसांनी नवसाला घरी आणलं. लता आठवडाभर राहिली, मग तिला सिन्नरला परत जावं लागलं. तिची पोरं लहान होती. दिवसा शेजारची झुंबर येऊन बसायची, भरवायची, पुसायची. नवसा आता थोडं थोडं बोलायची, पण मशीनचं पुन्हा बोलली नाही. सावळीरामलाच ते कानात ऐकू येत राहिलं. पुढच्या बुधवारी त्यानं अर्धी रजा टाकली आणि गंगेवरच्या, गोदाकाठच्या बाजारात गेला. भाजीच्या पलीकडं, पुलाच्या अंगाला जुनं सामान मांडून बसतात. कड्या-कुलपं, कंदिलाच्या काचा, पितळी नळ. एका गोणपाटावर एक मशीन उभं होतं, एका पायावर कललेलं. काळं, लांब मानेचं, अंगावर सोनेरी वेल. आणि जिथं हात लागायचा तिथं वेल पुसून गेलेली. त्याच घाटाचं. त्यानं चाकाला हात लावला. चाक दगडासारखं होतं.

"चालतं का?"

"चालवल्यावर चालतं," विकणारा म्हणाला. "चांगल्या घरातलं हाय, साहेब."

चांगल्या घरातलं होतं तर इथं कसं आलं, असं विचारावंसं सावळीरामला वाटलं. पण ज्यानं आपलं असंच एका व्यापाऱ्याकडं घातलं होतं त्यानं ते काय विचारायचं. त्यानं घासाघीस केली नाही. रिक्षात मशीनचा थंड गळा दोन्ही हातांनी धरून तो पूल ओलांडून पंचवटीत आला, भिका मिस्त्रीच्या दुकानात.

दुकान म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एक फळकूट. भिका मिस्त्री साठीचा, जाड भिंगांचा माणूस. त्यानं चाकाला झटका दिला, वास घेतला, एक स्क्रू काढून आत बघितलं. "गंजानं नाही बसलेलं हे," तो म्हणाला, "तेलानं बसलंय. कुणीतरी भरपूर तेल घातलं, आणि मग कधी हातच लावला नाही. तेल वाळलं की त्याचा सरस होतो. कुणासाठी?"

"घरात. बायकोला."

"शिवतात?"

"शिवायची. चांगलं शिवायची."

"दोनेक महिने धरा. घाई असेल तर दुसरीकडं न्या."

"मी येत जाईन," सावळीराम म्हणाला. "सुटल्यावर. माझ्या हातानं जेवढं होईल तेवढं करतो."

"हात काळे होतील, साहेब."

"होऊ द्या."

मग तो रोज जायला लागला. कचेरी सुटली की सायकल घराच्या रस्त्याला न लावता पुलाकडं वळायची. एकेक सुटा भाग रॉकेलच्या डब्यात बुडवायचा, ब्रशनं घासायचा, फडक्यानं पुसायचा, पुन्हा बुडवायचा. रॉकेल चहासारखं तांबूस व्हायचं. पहिल्या आठवड्यात चाक नखाएवढं हललं, आणि सावळीरामला इतका आनंद झाला की त्याचा त्यालाच संशय आला. डोकं रिकामं व्हायचं. नवसाचं वाकडं तोंड, तिच्या बेडपॅनचा वास, लताची चौकशीची पत्रं, हे सगळं पुलाच्या अलीकडं राहायचं. इथं फक्त एक बसलेली वस्तू होती आणि ती हळूहळू सुटत होती. एकदा भिकानं सुईखालची पट्टी काढून त्याच्यापुढं धरली. दात्यांखाली कापडाचा कोंडा दाबून दाबून घोंगडीच्या तुकड्यासारखा झाला होता. सावळीराम तो चिमट्यानं उपसायला लागला. थर निघत गेले: खाकी, मग पिवळं, मग लहान मुलीच्या फ्रॉकाचं असावं तसं गुलाबी. कुणाचं तरी घर तो उपसत होता. नवसाच्या मशीनमध्येही असाच कोंडा असणार, आणि त्यात कुठंतरी जांभळ्या कापडाचा एक थर. तिनं मान खाली घालून शिवलेलं ते शेवटचं. ते मशीन आता कुठं असेल? कुणाच्या पायाखाली? त्यानं चिमटा खाली ठेवला, तेव्हा भिका भिंगांवरून त्याच्याकडं बघत होता. "जुन्या मशीनचं असंच असतं," भिका म्हणाला. "उकरायचं ठरवलं की तळ लागत नाही. पुसा आणि बसवा."

घरी त्यानं कचेरीत हिशेबतपासणी चालू असल्याचं सांगितलं होतं. खोटं बोलताना जीभ अडखळली नाही, याचं त्याला नंतर आश्चर्य वाटलं. एका संध्याकाळी झुंबर दारातच थांबली होती. "भाऊ, एक बोलू का? राग मानू नका. रोज तुम्हाला उशीर होतो. मी बसते, माझं काय नाय. पण तिच्या पाठीला जखम झालीय, तुम्ही बघितली का?" त्यानं बघितली नव्हती. आत जाऊन त्यानं नवसाला अलगद उचललं. कमरेच्या वर, हाडापाशी, कातडी रुपयाएवढी गेली होती आणि आत लाल ओलं दिसत होतं. त्यानं पावडर लावली. नवसा दात आवळून होती. "तुमच्या हाताला रॉकेलचा वास येतो," ती म्हणाली. उद्यापासून लवकर यायचं, असं त्यानं ठरवलं. पण दुसऱ्या दिवशी शटल बसवायचं होतं, आणि त्याच्या पुढच्या दिवशी पट्टा येणार होता. थोडंच राहिलंय, असं तो सायकलवर स्वतःला सांगायचा. एकदा ते तिच्या पुढ्यात नेऊन ठेवलं की सगळं सांगून टाकल्यासारखंच होईल, तोंड उघडावंही लागणार नाही.

भिकानं शेवटी एका फडक्यावर चार ओळी टीप मारून दाखवली. टीप सरळ होती, खालची-वरची सारखी. नवा चामडी पट्टा, नवा लाकडी फळा, बिडाच्या पायांना काळा रंग. रविवारी सकाळी हातगाडीवरून ते वसाहतीत आलं. झुंबर नळावर होती. हातगाडीवाल्यानं आणि सावळीरामनं मिळून ते नवसाच्या खाटेशेजारी, डाव्या बाजूला ठेवलं. हातगाडीवाला गेला. सावळीराम घाम पुसत उभा राहिला. त्याला दम लागला होता आणि ओठांवर हसू येऊ पाहत होतं. "आलं बघ," तो म्हणाला. "पार्ट मिळाला एकदाचा."

नवसा बराच वेळ बघत राहिली. मग तिनं डावा हात लांबवला, मशीनच्या मानेवरून फिरवला, चाकाच्या कडेवर ठेवला. चाक हलकेच फिरलं, सुई खाली जाऊन वर आली.

"हे आपलं नाय," ती म्हणाली.

"आपलंच आहे. रंग नवा दिलाय म्हणून..."

"आपलं तुम्ही इकलं."

सावळीरामला बाहेर नळाचं पाणी हंड्यात पडताना ऐकू आलं. हंडा भरत आला की आवाज बारीक होतो, तसा तो बारीक होत गेला. "कोण म्हणालं?" त्यानं विचारलं.

"भद्रकालीत गेले होते मी. तुम्ही सांगितलेल्या दुकानात. दिवाळीच्या आधी." ती थांबली, लाळ गिळली. एवढं सलग ती आजारपणानंतर पहिल्यांदाच बोलत होती. "दुकानवाला म्हणाला, बाई, असलं मशीन इथं आलंच नाय. मला वाटलं, तो खोटं बोलतो. भांडले त्याच्याशी. त्यानं आतलं सगळं दुकान दाखवलं मला."

"मग बोलली का नाहीस? नऊ वर्षं?"

"तुम्ही सांगाल म्हणून."

"आणि दवाखान्यात? तेव्हा विचारलंस की, आलं का म्हणून."

"आता तरी सांगाल, वाटलं." ती त्याच्याकडं बघत होती. चेहऱ्याची एक बाजू हलत नव्हती, त्यामुळं ती रागावलीय की रडतेय ते कळत नव्हतं. "मरायच्या आधी इचारून घ्यावं म्हटलं. का इकलं?"

सावळीराम खाटेच्या कडेला बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ते तोंडानं उच्चारलं, तुटक तुटक, फरशीकडं बघत: ती बाई, ते जांभळं कापड, वरून सोडलेलं. नवसाचं वाकणं. दुसऱ्या दिवशी त्याच माणसापुढं जाऊन फाइल ठेवणं. "मला त्यांना बोलता आलं नाही," तो म्हणाला. "नोकरी होती. तू पुन्हा कुणापुढं अशी वाकू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मशीन नसलं की कुणी येणार नाही. आणि तू ते शिवलंस, नवसा. माझ्यासाठी, साहेबांचं म्हणून शिवलंस, तेच मला..."

"कुठं शिवलं?"

त्यानं वर बघितलं.

"दुसऱ्याच दिवशी नेऊन दिलं. पत्ता इचारत इचारत गेले, रविवार कारंज्यापर्यंत. त्यांच्या ओट्यावर ठेवलं. बाईला म्हणाले, माप घेतल्याबिगर मी शिवत नाय. तुमच्या अंगाला हात लागंल त्याला विलाज नाय." ती दमली. श्वास घेताना तिची छाती एकाच बाजूनं वर येत होती. "ती लय बोलली. मी ऐकून घेतलं आणि आले."

फायलीवरून मान वर न करणारे हेडक्लार्क सावळीरामच्या डोळ्यांपुढं आले. काम झालं म्हणून गप्प बसलेले नव्हते ते. नऊ वर्षं त्या गप्प बसण्यात नवसा उभी होती, आणि त्यानं तिला तिथं ओळखलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" त्याचा आवाज चिरकला. "त्याच दिवशी सांगितलं असतंस तर..."

"तुम्ही आत होता ना. पडद्याखालनं पाय दिसत होते तुमचे." ती हे तक्रारीनं म्हणाली नाही. "येताल, वाटलं होतं. मग म्हटलं, नाय आले तर नाय. नोकरी हाय. आपण सांगून आणखी कशाला खाली बघायला लावायचं."

बाहेर बायकांचं नळावरचं भांडण सुरू होऊन संपलं. सावळीरामला रडू येत नव्हतं. रडू आलं असतं तर तिनं डाव्या हातानं त्याला थोपटलं असतं, आणि ते त्याला आता सोसलं नसतं. मशीनच्या रंगाचा वास खोलीभर पसरला होता.

"लता कधी येणार हाय?" तिनं विचारलं.

"पुढच्या रविवारी."

"तिला द्या हे. तिला येतं शिवायला. चांगलं हाय मशीन."

"तुझ्यासाठी आणलंय, नवसा. तुला नको?"

ती त्याच्याकडं बघत राहिली; लहान पोराला काही समजावायचं असावं, आणि कुठून सुरुवात करावी ते सुचू नये, तसं.

"मला हात कुठाय आता?" ती म्हणाली.

सावळीराम खाटेला वळसा घालून पलीकडं गेला. तिचा उजवा हात गोधडीवर पडला होता, बोटं आत वळलेली. दोन महिने रोज संध्याकाळी तो सुईदांडा, दाते, पट्टा, चाक यांचा विचार करत आला होता. हा हात त्याच्या मनात एकदाही आला नव्हता. त्यानं खाली बसून तो दोन्ही हातांत घेतला. थंड असेल असं वाटलं होतं. तो जड होता, आणि ऊन ऊन.